अपघात आणि त्यानंतर

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर शेजारच्या भाषा सतत पडत असतात आणि त्यातून कधीकधी शब्दांची मोठी गंमत हाती लागते. रस्त्यावर दोन वाहनांची टक्कर झाली, तर आपण तिला अपघात म्हणतो. बेळगावकडचा कानडी शेजारीही अपघातच म्हणतो. बडोद्यात मात्र जरा जपून बोलावे लागते. कारण गुजरातीत ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या, आणि आपल्या अपघाताला तेथे ‘अकस्मात’ म्हणतात. आम्हां इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींच्या आसपास तीच ‘दुर्घटना’ होते. हैदराबादेतील तेलुगू माणूस तिला ‘प्रमादम्’ म्हणतो. आपल्या मराठीत प्रमाद म्हणजे चूक, हयगय. घटना एकच, पण कोणी तिच्यात आघात पाहिला, कोणी अचानकपणा, कोणी वाईट वेळ, तर कोणी माणसाची चूक.

या साऱ्या शब्दांचा रोख टक्कर होते त्या क्षणाकडे आहे. त्यानंतर जो तास येतो, जो दिवस येतो आणि जे महिने येतात, त्यांना आमच्या माहितीतल्या कोणत्याच भाषेत वेगळे नाव नाही. आमचा शासकीय सेवेतला आणि घरातलाही अनुभव असा, की टकरीत वाचलेला माणूस पुष्कळदा त्या पुढच्या तासात दगावतो आणि सावरता आले असते असे घर पुढच्या महिन्यांत कोलमडते. तो क्षण आपल्या हाती नसतो; नंतरचा काळ मात्र बराचसा असतो. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हे लेखन.

हा विषय साहित्याच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. पण वाचकहो, आपली सारी घराणी रस्त्यावरची आहेत. आपले पूर्वज घोड्यांवरून आणि बैलगाड्यांतून इकडे आले. आपण वर्षातून दोनदा तरी तोच रस्ता उलट दिशेने तुडवतो. कुलदैवत तिकडे, सोयरिकी तिकडे, नोकरीला लागलेली मुले पुण्या-मुंबईत. इंदूरहून सेंधवा-धुळे, हैदराबादहून सोलापूर, बेळगावहून कोल्हापूर, बडोद्याहून सुरत-नाशिक हे आपले नेहमीचे मार्ग. पूर्वी आगगाडी किंवा एस.टी. असे, आता दारात मोटार आहे, आणि चालवणाऱ्याचे केस पांढरे झालेले असतात. सन 2022 या एका वर्षात आपल्या देशात 4 लाख 61 हजार 312 रस्ते-अपघात नोंदले गेले आणि त्यांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मरण पावली. त्याच वर्षी 18 जुलै रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एस.टी.ची बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. त्या बातमीने येथील कितीतरी मराठी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही; कारण त्या रस्त्याने कोणाचे ना कोणाचे माणूस रोजच जात असते.

आता आमच्या सेवाकाळातील एक प्रकरण सांगतो. 1996 च्या सुमारास आम्ही निमाडात अनुविभागीय अधिकारी होतो. ठोकर मारून पळून गेलेल्या अज्ञात वाहनामुळे कोणी मेला किंवा जबर जखमी झाला, तर त्याच्या घरच्यांना ‘तोषण निधी’तून रक्कम मिळण्याची योजना 1989 पासून होती आणि अशा अर्जांची चौकशी महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे असे. मृत्यूसाठी 25 हजार आणि जबर दुखापतीसाठी साडेबारा हजार, असा त्यावेळचा दर. आमच्यापुढे असे अर्ज फार थोडे आले. अपघात थोडे होत होते म्हणून नव्हे. अशी काही सोय आहे हेच लोकांना ठाऊक नव्हते. त्या थोड्यांपैकी एक अर्ज एका शेतमजुराच्या बायकोचा होता. आठवड्याच्या हाटाहून परतताना संध्याकाळी तिच्या नवऱ्याला एका ट्रकने उडवले होते. अर्ज करण्याचे तिला गावच्या पटवाऱ्याने सुचवले होते.

चौकशीसाठी आम्ही जागेवर गेलो. समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याने जे सांगितले ते आजही आम्हांला शब्दशः आठवते. जखमी माणूस बराच वेळ जिवंत होता. टपरीवाल्याने त्याच्या अंगावर पोते पांघरले, आणि अंधारात दुसऱ्या गाडीखाली तो सापडू नये म्हणून आपला कंदील त्याच्या उशाशी नेऊन ठेवला. रात्रभर धंदा अंधारात केला. पण त्याला उचलून दवाखान्यात मात्र नेले नाही. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “हाथ लगाता तो मेरे ही गले पड़ता.” आणि आम्ही टिपण करू लागलो तशी हात जोडून म्हणाला, “साहब, मेरा नाम मत लिखना.”

तो माणूस निर्दय नव्हता. निर्दय माणूस कंदील नेऊन ठेवत नाही. त्याच्या मनात दया होती आणि भीतीही होती. भीती वरचढ ठरली. ही भीती निरक्षरांचीच असते असे मात्र कोणी समजू नये. आमच्या रामबागेतल्या सुशिक्षित, पदवीधर घरांतही मुलांना हेच शिकवले गेले : “आपण कशाला मध्ये पडा?” “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.” ही म्हण ज्या काळात जन्मली त्या काळात तिला अर्थ असेल. रस्त्यावर रक्तात पडलेल्या माणसासमोर ती आठवणे हे शहाणपण नव्हे.

या भीतीची दखल शेवटी न्यायालयाला आणि कायद्याला घ्यावी लागली, पण त्याला वर्षे लागली. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली; जवळच्या दवाखान्याने ‘हे पोलीस प्रकरण आहे’ म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्याकडे पाठवले आणि तो वाटेतच गेला. त्या बातमीवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली स्पष्ट निकाल दिला, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा आणि पोलिसी सोपस्कार नंतर. पुढे 2016 साली त्याच न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. 2019 साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घातले गेले आणि 2020 साली त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांचा सारांश सोपा आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवून तुम्ही लगेच घरी जाऊ शकता. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. होकार दिला तर जबाबाची वेळ आणि जागा तुमच्या सोयीने. सद्भावनेने मदत करताना जखमीचे काही बरेवाईट झाले, तरी त्याचा दोष तुमच्यावर येत नाही.

कायदा झाला, तो माणसांपर्यंत किती पोहोचला, याचे उत्तर आम्हांला आमच्याच घरात मिळाले. 2022 च्या डिसेंबरात आमचे थोरले बंधू आणि वहिनी पुण्यास निघाले होते. पुतणीचे डोहाळजेवण होते. गाडी पुतण्या चालवत होता. सेंधव्यापुढे बिजासन घाटात पुढच्या ट्रकने एकाएकी गती कमी केली आणि यांची गाडी त्यावर मागून आदळली. बारेला समाजाचे दोन तरुण मोटारसायकलवरून चालले होते, ते थांबले. एकाने मागून येणाऱ्या गाड्यांना हात करून बाजूने काढले. दुसऱ्याने अण्णांचा मोडलेला पाय डोक्याच्या फडक्याने आणि काठीने नीट बांधला आणि 108 ला फोन लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघे हलले नाहीत. पुतण्याने नाव विचारले, तेव्हा ते म्हणाले, “नाम का क्या करोगे साहब, फिर थाने बुलाएँगे.” निमाडातल्या त्या टपरीवाल्याच्या बोलण्याला तोवर सव्वीस वर्षे झाली होती; भीतीचे शब्दही फारसे बदलले नव्हते. फरक एवढाच, की या दोघांनी भीती बाळगूनही हात पुढे केला. त्या मुलांची नावे आम्हांला आजही ठाऊक नाहीत.

पण त्या दिवसाची खरी कसोटी पुढेच होती. साऱ्यांचे लक्ष अण्णांच्या पायाकडे. वहिनींच्या कपाळाला टेंगूळ आले होते, पण त्या बाकावर पर्स सांभाळत बसून सांगत होत्या, “मला काही झालेले नाही, आधी यांना बघा.” धुळ्यास हलवल्यावर दुपारी त्यांना दोनदा उलटी झाली, मग त्या विचारू लागल्या, “आपण कोठे आलो आहोत?” तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?” तेथे असलेल्यांपैकी कोणालाच त्याचे उत्तर देता येईना. अखेर पुण्याच्या पुतणीच्या मोबाइलमध्ये औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र निघाले. गोळी चालू होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. आज वहिनी आमच्यात आहेत, देवपूजा करतात, नातवाला गोष्टी सांगतात. मात्र नावे त्यांना चटकन आठवत नाहीत. आम्हांला हाक मारतानाही त्या क्षणभर थांबतात.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण, की आपल्या अंकाचे बहुतेक वाचक वहिनींच्याच वयाचे आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला लागलेला मार वरून किरकोळ दिसला, तरी तो किरकोळ मानू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डोक्याची सी.टी. तपासणी हवी का हे विचारावे. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, हातापायातली शक्ती जाणे, ही चिन्हे कित्येक तासांनीही दिसतात. म्हणून ‘मला काही झाले नाही’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडे त्या रात्री घरातल्यांनी अधिक लक्ष द्यावे. पट्ट्याने छाती किंवा पोट दुखू लागले, तर तेही अंगावर काढू नये.

आता प्रत्यक्ष जागेवर काय करावे? प्रथम इंजिन बंद करावे आणि इशाऱ्याचे दिवे लावावेत. जे चालू शकतात त्यांनी रस्त्यातून बाजूला व्हावे. कोणाची चूक याचा निवाडा रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून करणाऱ्यांना मागून येणारी गाडी उडवते, हे आम्ही पाहिले आहे. गाडीतला लाल त्रिकोण बराच मागे, येणाऱ्याला वेळेवर दिसेल असा ठेवावा. मग 112 किंवा 108 ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हाही क्रमांक आहे. जागा सांगताना रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड वाचून सांगावा. ‘घाटात आहोत’ एवढ्याने रुग्णवाहिकेला काही कळत नाही.

जखमीला आग किंवा दुसऱ्या धडकेचा धोका नसेल, तर ओढून बाहेर काढू नये. मान आणि कणा यांना इजा असेल तर ओढाओढीने जन्माचे अपंगत्व येऊ शकते. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि सारखे उचलून पाहू नये. बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असेल, तर मान सांभाळून त्याला कुशीवर करावे. आणि आपल्याकडची सर्वांत मोठी चूक म्हणजे तोंडात पाणी घालणे. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते आणि शस्त्रक्रिया करायची झाली तर त्यातही ते अडचणीचे ठरते. तहानलेल्याला पाणी देणे हा आपला धर्म खरा, पण येथे ओठ ओले करण्यापलीकडे जाऊ नये.

गाडी आपण चालवत असू तर कायद्याने तीन कर्तव्ये सांगितली आहेत : जखमीच्या उपचाराची तजवीज करणे, चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात वर्दी देणे आणि विमा कंपनीस लेखी कळवणे. पळून जाणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. जमाव खवळला असेल तर तेथे थांबण्याची सक्ती कायदाही करीत नाही. पण अशा वेळी सरळ ठाण्यावर जावे, घरी जाऊ नये. कोणी जखमी झाले असेल तर ‘पाच-दहा हजारांत मिटवून टाकू’ हा मोह दोन्ही बाजूंनी टाळावा. आज ठीक दिसणारा माणूस उद्या गंभीर होतो आणि मग ना विमा कामी येतो ना ती तडजोड. गाड्या हलवण्यापूर्वी दोन्ही क्रमांक, रस्ता आणि नुकसान यांची छायाचित्रे घ्यावीत आणि विमा कंपनीच्या माणसाने पाहिल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू नये.

यानंतर येतो कागदांचा काळ. येथे आमच्यातील अधिकारी जागा होतो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. 2025 च्या मे महिन्यापासून रस्ते-अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार मिळण्याची योजना लागू झाली आहे. रुग्णालयात तसे स्पष्ट विचारावे. ठोकर मारून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख आणि जबर दुखापतीसाठी 50 हजार मिळतात. चौकशी आजही महसूल अधिकारीच करतात. मोटारीच्या मालकाला स्वतःसाठी 15 लाखांचे अपघात-संरक्षण बहुतेक विमापत्रांत असते, पण ते पान कोणी वाचत नाही. आपापले विमापत्र आजच काढून पाहावे.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. 2019 च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेरावे-चौदावे, वर्षश्राद्ध, मग ‘पुढे बघू’ असे म्हणत बसले तर ती मुदत हातातून निसटते. आपल्यासारख्यांसाठी आणखी एक महत्त्वाची सोय कायद्यात आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते : अपघात कोठेही झालेला असो, दावा आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो. धुळ्याजवळच्या अपघातासाठी इंदूरच्या विधवेने दर तारखेला धुळ्यास जाण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची वर्दी कोणत्याही ठाण्यात देता येते.

सीमाभागातल्या वाचकांना एक विशेष सांगणे. आपले रस्ते भाषांच्या सीमा ओलांडून जातात. वर्दी कानडीत, तेलुगूत किंवा गुजरातीत लिहिली जाईल. ती वाचून दाखवून घेण्याचा आणि तिची प्रत विनामूल्य मिळण्याचा वर्दी देणाऱ्याला हक्क आहे. जी लिपी आपल्याला वाचता येत नाही तिच्यातील कागदावर, कोणी विश्वासू माणसाने अर्थ सांगितल्याशिवाय सही करू नये. भाषेचा अभिमान आपण परिषदांत आणि संमेलनांत बाळगतो. अशा वेळी शेजाऱ्याची भाषा जाणणारा एक स्नेही बरोबर असणे अधिक मोलाचे असते.

आपल्या मंडळांच्या सभागृहांत व्याख्यानमाला होतात, कोजागिरी होते, गणेशोत्सवाचे दहा दिवस कार्यक्रम असतात. त्यांतली एक संध्याकाळ एखाद्या डॉक्टरला बोलावून जखम कशी दाबावी, माणसाला कुशीवर कसे करावे, हे हाताने करून शिकण्यास द्यावी, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. आमच्या वयाच्या माणसांचे हात कापत असतील; पण नातवंडांना शिकवून ठेवता येईल. त्याच संध्याकाळी त्यांना हेही सांगावे, की रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलणाऱ्याच्या पाठीशी आता कायदा उभा आहे.

नवी गाडी आली की आपण नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, हळदकुंकू वाहतो. ते अवश्य करावे. त्याच वेळी समोरच्या खणात एक पाकीट ठेवावे. त्यात गाडीच्या विमापत्राची प्रत, घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू असलेल्या औषधांची नावे, कोणते औषध सोसत नाही त्याची नोंद आणि दोन जवळच्या माणसांचे फोन असावेत. अक्षर मोठे आणि कोणत्याही प्रांतातल्या डॉक्टरला वाचता येईल अशा लिपीत. वर्षातून एकदा, दसऱ्याला गाडी पुजताना ते पाकीट उघडून त्यातली जुनी चिठ्ठी काढावी आणि नवी ठेवावी. आमच्या घरात आता तसा नियम आहे आणि ती चिठ्ठी लिहिण्याचे काम पुतण्याने स्वतःकडे मागून घेतले आहे.